आमच्यावाली तबकडी

तबकडी चालली, पण अण्णा काही दिसेनात.

चारुलताने ती पहिल्यापासून पुन्हा लावली. हळद, मामा, मावश्या, माहेरच्या गावी, निंबोल्याला, मांडवाला बांधलेले केळीचे खांब, सगळं लख्ख. वडील तेवढे नाहीत. तिला कळेचना. पोटच्या पोरीच्या लग्नातून माणूस जाईल कुठे?

लग्नाचं शूटिंग दोन्हीकडून वेगवेगळं झालं होतं. मुलीकडचा कॅमेरा मुलीची माणसं टिपणार, मुलाकडचा मुलाची. त्यात तेव्हा बाजारात दोन नव्या तबकड्यांची जुंपलेली. मुलाकडच्यांनी ब्लू-रे केली. चारुलताचा भाऊ हर्षल जास्त शहाणा, त्याने एचडी डीव्हीडी करून आणली. दिसायला दोन्ही सारख्या, पण एकीच्या मशीनवर दुसरी चालत नाही. थोड्याच दिवसांत हर्षलची तबकडी बाजारातून उठली आणि ती चालवणारं मशीन अख्ख्या बुऱ्हाणपुरात मिळेना.

सासरची तबकडी टीव्हीवर लागली की सासू, मनकर्णाबाई, हटकून म्हणायच्या, "तुमच्यावाली त चालतच नाही ना!" शिवाय शेवटच्या पंगतीला गोडाचा दराबा पुरला नाही, हेही ऐकवायच्या. चारुलता उठून स्वयंपाकघरात जायची. आमची चालेल तेव्हाच लग्न बघेन, हा तिचा हट्ट. मग अण्णा गेले. घरात त्यांचे फोटो होते, पण फोटो बोलत नाहीत. तिला त्यांचा आवाज ऐकायचा होता.

काल नवरा, श्रीकांत, इंदूरच्या जुन्या बाजारातून ते मशीन शोधून घेऊन आला. आणि आज हे असं.

तिने भावाला फोन लावला. "अण्णा कुठंच नाहीत रे."

"असं कसं? दिवसभर तिथंच त होते," हर्षलही चक्रावला.

मनकर्णाबाई पलंगावरून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "श्रीकांत, आमच्यावाली लाव."

चारुलताला संताप आला. "आई, आत्ता नको ना."

"बस इथं. पोरीच्या बापाला आपल्या माणसांत बसायला टाइम राहतो का?"

ब्लू-रे लागली. वऱ्हाड गाडीतून उतरत होतं आणि अण्णा हार घेऊन धावत होते. पुढे पाणी देताना अण्णा, खुर्च्या उचलताना अण्णा. "काका, जरा साइड में!" कॅमेरावाला ओरडला. ते हसत बाजूला झाले आणि पंगतीत पुन्हा आले, आग्रह करत. चारुलताला रडू आवरेना. शेवटच्या पंगतीत ते घामाघूम होऊन सगळ्यांसमोर हात जोडून उभे राहिले.

"काही कमी त नाही ना पडलं?"

टीव्हीतले सगळे जेवत होते.

मनकर्णाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि टीव्हीसमोर हात जोडले. "नाही हो, व्याही. काहीच कमी नव्हतं."