दाराबाहेरचे बिशप

नव्या बिशपांनी मेंढपाळाच्या काठीने कॅथेड्रलच्या मिटलेल्या दारावर तीनदा ठोठावलं. सोबत एकटे पगारे पाळक होते.

पदग्रहणाची रीत जुनी होती. आतून मंडळीने विचारायचं, "कोण आहे?" बाहेरून बिशपांनी सांगायचं, "तुमचा मेंढपाळ." मग मंडळीतल्या सर्वांत वयस्क बाईने कडी काढायची.

आतून कुणीच विचारलं नाही.

"थमाबाई नाही आल्या?" बिशपांनी विचारलं. "सर्वांत वयस्क त्याच ना? संडे स्कूलला त्यांनीच शिकवलंय मला."

"त्या दुसऱ्या चर्चला जातात, साहेब. सगळेच जातात. गादीसाठी तुमचा नि आधीच्या बिशपांचा खटला चालला, तेवढी वर्षं इथे कुलूप होतं. लोकांनी किती रविवार फाटकाबाहेर उभं राहायचं?"

"पण निकाल माझ्या बाजूने लागला ना!"

"दार नुसतं लोटलंय, साहेब. ढकला."

"छे! रीत म्हणजे रीत. तुम्ही आत जा आणि विचारा."

पगारे आत गेले, त्यांनी कडी लावली. रिकाम्या बाकांवरून त्यांचा आवाज घुमत आला, "कोण आहे?"

बिशपांना उत्तर पाठ होतं, पण ते जिभेवर येईना.

"मी आहे, पगारे," ते शेवटी हळूच म्हणाले. "उघडा."