मधली तुकडी

२०२२ साली, कोकणातल्या त्या मोठ्या चक्रीवादळाला दोन वर्षं होऊन गेल्यावर, माझ्या आतड्यात गाठ निघाली. दिवेआगरात आमचा होमस्टे होता आणि मला तपासणारा डॉक्टर नेमका आमच्याकडे राहून, सुरमई मागून मागून खाऊन गेलेला. रिपोर्ट वाचून तो म्हणाला, "मावशी, ऑपरेशन आत्ता नाही. तुमचं कुपोषण झालंय. आतड्याचं आतलं अस्तर जुन्या लुगड्यासारखं विरलंय. अशात पोट उघडलं तर जंतू पाझरून रक्तात जातील. आधी पंधरा दिवस नीट खायचं." माझे यजमान हसले. "डॉक्टर, लोकांना जेवू घालणारं घर हाय आमचं." "ते ठाऊक आहे, काका. मावशी काय खातात?" "ती आमच्या मागनं जेवते." "मागे उरतं काय?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या संसारात त्यांनी माझं ताट कधी पाहिलंच नव्हतं. माशाच्या मधल्या, मांसल तुकड्या पाहुण्यांना, कडेच्या घरच्यांना. मला भात आणि तळाचं कालवण. मी पुटपुटले, "मला भूकच नसते." खोटं होतं. ह्यांची मान खाली गेली आणि घराची अब्रू मीच वेशीवर टांगली, अशी मला लाज वाटली. पंधरा दिवस ह्यांनी समोर बसून मला खायला लावलं. मग ऑपरेशन झालं, टाके धरले. गेल्या वर्षी हे गेले. डॉक्टर अजून येतो, पण मी सोबत पानावर बसल्याशिवाय तो जेवत नाही. सून मधली तुकडी आधी माझ्या ताटात वाढते. ती तुकडी खाताना कुणी दारात आलं, की माझा हात आपोआप ताट झाकायला जातो, चोरी पकडल्यासारखा.