पुढचा सायकलवाला

पारोळं मागे पडलं तेव्हा जीवरामला कळलं, आपण पहिले नाही. पुढे धुक्यात एक सायकल चालली होती.

"हा कधी सुटला पुढे?" तो पुटपुटला. धुळ्याहून निघालेले बाकीचे गडी तर त्याने फागण्यालाच मागे टाकले होते.

धुळे ते जळगाव, एका दिवसाची शर्यत. पहिला येईल त्यालाच मुंबईच्या सायकल कंपनीच्या संघात पगारी जागा. दुसऱ्याच्या गळ्यात नुसता हार. जळगावच्या जीवरामला ती जागा हवीच होती. पुष्पा पहिल्या बाळंतपणाला पारोळ्यात, माहेरी होती. "तुम्ही जिंका, मग आम्ही दोघं तुमच्यासंगे मुंबईला," असं ती पोटावर हात ठेवून म्हणाली होती. नाक्यावरच्या निंबाखाली उभी राहीन, असंही म्हणाली होती. निंबाखाली आज कोणीच नव्हतं. नववा महिना. सासूबाईंनी थंडीत बाहेर पडू दिलं नसेल, दुसरं काय!

माघातली सकाळ होती. कापसाच्या गाड्या धुक्यातून यायच्या आणि धुक्यातच विरायच्या. बैलांच्या घुंगरांनी डोळे जड व्हायचे. त्या गुंगीत जीवरामला आपलं अजून न जन्मलेलं पोर पुढच्या दांडीवर बसलेलं दिसे. ते घंटी वाजवी. खुळ्यासारखा तो एकटाच हसला.

पुढचा गडी मात्र त्याला पुन्हा शुद्धीवर आणी. साधी जड सायकल, खोचलेलं धोतर, उघडं डोकं. शर्यतीचा आकडा पाठीवरच्या पंच्याखाली झाकला असेल. बेटा एकदाही मागे वळून पाहत नव्हता.

एरंडोलला जीवरामने त्याला गाठलं. रस्त्याकडेला एक म्हातारी शर्यतवाल्यांना पाणी पाजत होती. जीवराम घटाघटा प्यायला. तिने लोटा दुसऱ्यापुढे धरला.

"माले नको, माय. पोचल्याबिगर पानी नही."

म्हातारीने त्याच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं. लोटा खाली घेतला आणि पदर पुढे ओढला.

काय जिद्द म्हणावी! जीवरामला आपल्या तहानेची लाज वाटली. "कुठल्या गावचा, भाऊ?" त्याने विचारलं.

गडी पायडल मारत पुढे निघाला.

मग जी जुंपली! कधी हा पुढे, कधी तो. केळीच्या बागा आल्या, पाळधी गेलं. गिरणा ओलांडली तेव्हा जीवरामच्या मांड्या पेटल्या होत्या. प्रत्येक पायडलला तो मनात एकदा पुष्पाचं नाव घेत होता. चढावर त्या गड्याला धाप लागली, आणि जीवराम सुटला तो सुटलाच.

जळगावच्या नाक्यावर ताशा कडाडला. फीत तुटली, गळ्यात हार पडला. कंपनीच्या साहेबाने हात हातात घेतला, "जागा तुमची!" जीवरामच्या डोळ्यांना धारा लागल्या. दोन महिन्यांत तिघं मुंबईला!

तेवढ्यात तो गडी आला. सायकलवरून उतरताना लटपटला, ओठ पार सुकलेले. हरलेल्याला हिणवू नये. जीवरामने भरला लोटा त्याच्यापुढे धरला. "अरे, शर्यत संपली. आता तरी पी!"

"कसानी शर्यत, भाऊ?" त्याने लोटा हलकेच बाजूला सारला. "मयतना निरोप सांगल्याबिगर पानी नही. पारोळाना शे मी. आमना गावना जवाई, जीवराम कौतिक, त्यासनं घर कोठे शे?"