पाचवं नाव

धवलारीण पाचव्या नावाला आली तेव्हा देवजी मांडवाच्या दाराशी डीजेवाल्याला दम देत होता. म्हातारीचं आटोपलं की लगेच सुरू कर, मध्ये पाच मिनिटं पण घालवू नकोस.

बोनकोडे गावात हळदीच्या सकाळी आधी धवले गायले जातात. गाणारी धवलारीण घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलावते आणि मांडवातल्या बायका तिच्यामागून ते नाव म्हणतात. ते झाल्याशिवाय नवऱ्यामुलाला हळद लागत नाही. देवजीच्या धाकट्या पोराची, मिथुनची, हळद होती. देवजीच्या बापाचं, आईचं, दोन काकांचं नाव घेऊन झालं होतं.

"ये गो बाळाबाय, मिथुनच्या हलदीला ये," धवलारीण गोजराबाईने सूर लावला.

चाळीस बायकांनी ते तसंच म्हटलं. सुरात, टाळीवर, कसलाही विचार न करता. पहिल्या रांगेत हळदीची वाटी मांडीवर घेऊन बसलेल्या बाळाबाईनेही म्हटलं. ती देवजीची थोरली बहीण. निम्मं नाव म्हणून झालं आणि मग तिचं तोंड मिटलं.

टाळ्या एकेक करून थांबल्या. मांडवाच्या कडेने उभे असलेले पुरुष मोबाइलमधून मान वर काढून बघू लागले.

देवजी तरातरा आत आला. "हा नाव तुला कोनी सांगतला?"

"काय झाला?" गोजराबाई म्हणाली. तिला दिसायचं कमी, माणसं ती आवाजावरून ओळखायची.

देवजीचा संशय चहूकडे धावू लागला. सानपाड्याचा चुलतभाऊ चार दिवस फार गोड बोलत होता. शेजारचा हौसेराव सकाळपासून विनाकारण मांडवात घुटमळत होता. म्हातारीला कोणीतरी पढवून पाठवलं होतं, नक्कीच. त्याने बहिणीकडे पाहिलं. हिनेच तर नाही? ती त्याच्याकडेच बघत होती, आणि तिच्या तोंडावरून त्याला काही कळेना.

"कोनी शिकवला तुला? सरल सांग."

"मना कोन शिकवनार? घरची मानसा नावा सांगतान, मी गाते. तुज्या सुनेनी सांगतली."

थोरली सून उन्नती तांदूळ भरलेलं सूप घेऊन उभी होती. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन ती ऐरोलीहून या घरात आली होती.

"बाबा, तुम्ही काल दिवसभर बाहेरच होता. म्हणून यांना विचारलं, तर यांना आजी-आजोबांच्या पुढे नावं आठवेनात," ती म्हणाली. "मग मी कपाटातला कागद बघितला. आपल्या प्लॉटच्या फाइलमधला, वारसांचा. त्यात पाच नावांपुढे मयत लिहिलंय. तीच सांगितली मी." तिने मांडवभर नजर फिरवली. "का? चुकलं काय? बाळाबाई कोण?"

तीन वर्षांत तिने फक्त 'आत्या' ऐकलं होतं. या घरात बाळाबाईला दुसऱ्या कोणत्या नावाने हाक मारायची वेळ कोणावर आलीच नव्हती.

बायका जिच्याकडे बघत होत्या तिच्याकडे उन्नतीनेही पाहिलं, आणि तिच्या हातातलं सूप एका बाजूला कललं.

सरकारने घेतलेल्या बापाच्या शेतीच्या बदल्यात तो प्लॉट मिळाला होता. आता त्यावर देवजीचे चार मजले उभे होते. कागद बारा वर्षं कपाटात गुमान पडून होता. त्याआधी तो दोन-तीन टेबलांवरून फिरला होता, वाचणाऱ्यांनी वाचला होता, शिक्केही मारले होते. गावात कोणाला पत्ता नव्हता.

"टायपिंगची चूक हाय ती," देवजी बहिणीला म्हणाला. मग धवलारणीवर आवाज चढवला. "गोजरे, पयल्यापासून म्हन. चारच नावा."

"गायलेला नाव पाठी घेता येत नाय," गोजराबाई शांतपणे म्हणाली. "बोलावली, ती आली. आता पाच पाना मांडा."

देवजीला वाटत होतं बहिणीने भांडावं. भांडली असती तर बरं झालं असतं, बोलायला तोंड तरी मिळालं असतं. बारा वर्षं त्याने उत्तरं घोकून ठेवली होती.

"किती वर्सा झाली रं मना मरून?" बाळाबाईने विचारलं.

कागदावर तारीख होती. उन्नतीने ती वाचली होती.

दोन बायकांनी रीतीप्रमाणे, बोलावलेल्या प्रत्येक मयताला एक, अशी पानं मांडली. देवजी नको नको म्हणत होता, पण गोजराबाईने सांगितलेलं कोण मोडणार? केळीच्या पाच पानांवर भात पडला, वडे पडले. बाळाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. पहिली हळद लावायचा मान आत्याचा. मिथुन पाटावर उघड्या अंगाने बसून तिची वाट बघत होता. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि वाटी खाली ठेवली.

"मेलेल्या मानसाची हलद लागत नाय, बाला," ती म्हणाली.

मग ती आईबापाच्या, काकांच्या पानांच्या ओळीत जाऊन पाचव्या पानावर मांडी घालून बसली. भात कालवला, एक घास खाल्ला.

"गोजरे, थांबू नको. घे परत माजा नाव."

गोजराबाईने नाव घेतलं. बायकांनी ते मागून म्हटलं, आधीपेक्षा मोठ्याने. म्हणता म्हणता त्यातल्या कितीतरी जणी माना वळवून मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या आपापल्या भावांकडे बघत होत्या.