आजचा फोटो

रोज दुपारी बालवाडीकडून लेकीचा फोटो यायचा. हातात मातीचा गोळा, तोंडभर हसू आणि खाली ओळ, ‘मुक्त खेळातून सर्वांगीण विकास’. आई ऑफिसातून लगेच लाल बदामाचा इमोजी पाठवायची.

आज घरी लेक शाळा-शाळा खेळत होती. तिने बाहुलीच्या हातात कणकेचा गोळा दिला आणि साबणाची डबी मोबाइलसारखी धरली.

“हसा! झाला फोटो.”

लगेच गोळा हिसकावून घेतला.

“आता हाताची घडी, तोंडावर बोट. हललीस तर बघ!”

“अगं, खेळू दे की तिला जरा,” आई म्हणाली.

“शाळेत खेळत नाहीत गं, फोटो काढतात.”

आईला त्या सगळ्या हसऱ्या फोटोंची शिसारी आली.

लेकीने साबणाची डबी तिच्या हातात कोंबली.

“तू नुसती बघतेस काय? बदाम पाठव ना!”