घरासाठी की साइटसाठी

"घरासाठी हवाय की साइटसाठी?" दुकानातल्या बाईंनी विचारलं.

"घरासाठी," नवरा म्हणाला.

"साइटसाठी," बायको त्याच वेळी म्हणाली.

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि कचरा कसला असतो तेवढं सांगा, म्हणाल्या. बायकोनेच सांगितलं. सिमेंट. पुट्टीची पूड. ग्राइंडरने फरशी कापली की उडते ती धूळ, वस्त्रगाळ, घडी घातलेल्या चादरींच्या आतही सापडणारी. झाडू मारला की उठते आणि आपण पोळ्या लाटायला घेतल्या की सावकाश खाली बसते. आधीचे दोन व्हॅक्यूम क्लीनर या धुळीनेच खाल्ले.

"ताई, हे घर आहे की खाण?" बाई हसल्या. "कधीपासून चाललंय काम?"

"होतच आलंय," नवरा म्हणाला.

तो फरशी बसवणारा मिस्त्री होता आणि हात चांगला होता. लोक त्याच्यासाठी थांबून राहत. दुसऱ्यांची घरं तो दिलेल्या तारखेला हातावेगळी करी. स्वतःच्या घरातली मागची खोली मात्र त्याने तीनदा बसवली होती आणि तीनदा उखडली होती. एकदा सांधा केसभर सरकला म्हणून. एकदा दोन फरशांचा रंग सकाळच्या उजेडात जुळेना म्हणून. तिसऱ्यांदा का, ते तिने विचारलं नव्हतं.

खोली तिच्या आईसाठी होती. तोवर आई भावाकडे राहत होती. तिथे मुलांचा टीव्ही बंद झाला की बाहेरच्या खोलीत तिचं अंथरूण पडे. टीव्ही लवकर बंद होत नसे. भावोजी खोली करतायत की दागिना घडवतायत, असं भाऊ फोनवर विचारी. आई एवढंच म्हणे, की घाई करू नका, माझं काय, मी कुठेही पडून राहते. ते ऐकल्यावर फोन ठेवून बायको बराच वेळ ओट्यापाशी नुसती उभी राहत असे.

बाईंनी कोपऱ्यातून मोठं यंत्र ओढत आणलं. स्टीलचं, पिंपाएवढं, खाली चाकं, मनगटाएवढी जाड नळी. साइटवर हेच चालतं, म्हणाल्या. काळ्या रबरी चटईवर त्यांनी डबाभर बारीक वाळू आणि प्लास्टरचा भुगा ओतला, पायाने पसरला आणि नळी तिच्या हातात दिली.

यंत्र गुरगुरलं. तिने नळी एकदाच या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. चटई काळी झाली. वाकून तिने बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. काही नव्हतं.

रोज संध्याकाळी एक हात फिरवायचा आणि बसायचं. नुसतं बसायचं. जेवणाआधी ताटं पुन्हा विसळायची नाहीत, झोपताना उशी झटकायची नाही. कंबर आत्ताच थोडी सैल झाल्यासारखी वाटली.

"हेच घेऊ," ती म्हणाली.

नवरा यंत्राशेजारी उकिडवा बसला होता. बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा खुलला होता. त्याने झाकणाची कडी काढली, आतला फिल्टर सोडवून उजेडात धरला, त्याच्या चुण्यांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "याचे फिल्टर पुढे पाच-दहा वर्षं मिळत राहतील ना?"

बाई म्हणाल्या, ती काळजीच सोडा, हे यंत्र तुमच्या कामाला पुरून उरेल. तो समाधानाने मान हलवत राहिला. आपण काय विचारलं, ते त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

तिने नळी चटईवर ठेवली.

घर रोज संध्याकाळी स्वच्छ झालं असतं. मग काम कितीही वर्षं चाललं तरी कोणाचंच काही अडलं नसतं, आईखेरीज.

फळीवर एक निळं, प्लास्टिकचं यंत्र होतं, एका हाताने उचलता येईल एवढं. "हे द्या," ती म्हणाली.

बाईंना वाटलं, किमतीचं काही असेल. हप्ते पाडून देऊ, त्यांनी सांगितलं. ती नको म्हणाली. मग बाईंनी समजावलं, की हे गाद्यांसाठी आहे, सोफ्यासाठी आहे. सिमेंट आत गेलं तर मोटर बसेल आणि गॅरंटीही मिळणार नाही.

"सिमेंट नाही जाणार आत."

नवरा उठून उभा राहिला. फिल्टर अजून हातातच होता. परक्या माणसासमोर बोलायचं म्हणून त्याने आवाज खाली आणला. "अगं, खिडकीकडची एक ओळ काढायची आहे अजून."

"राहू द्या ती. आईला मी रविवारी आणतेय."

"ओळ वाकडी आहे."

"आईला नाही दिसणार. तिला पलंग दिसेल."

"मला दिसेल ना," तो म्हणाला. तक्रार नव्हती त्यात. दुखतंय कुठे ते डॉक्टरांना सांगावं, तसं त्याने सांगितलं.

तिला त्याची दया आली आणि आपण किती दमलो आहोत तेही कळलं. "मग तिच्या खोलीत जाताना वर बघत जा," ती म्हणाली.

बाई हसू दाबत खोकं बांधायला वळल्या. नवऱ्याने फिल्टर यंत्रात नीट बसवला, कडी लावली, झाकण हलत नाही ना ते दोनदा पाहिलं.

बाहेर आल्यावर त्याने ते हलकं खोकं दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. पायरीवर तो थांबला.

"दार बसवायचं राहिलंय त्या खोलीला."

"पडदा लावू," ती म्हणाली आणि रस्ता ओलांडून कापडाच्या दुकानाकडे निघाली.