विदुषीची ओटी

"डॉ. शर्मिष्ठा गुळवणी, बहुश्रुत, व्यासंगी विदुषी," असं निवेदक म्हणाला आणि पहिल्या रांगेत मला फस्सकन हसू आलं. माझ्या लेकीही खिदळल्या. सगळं सभागृह आमच्याकडे बघायला लागलं.

आमच्या घरी 'विदुषी' म्हणजे शिवीच. आमटी खारट झाली की मी सुनेला विचारायची, "विदुषीबाई, मिठाचं प्रमाण कुठल्या ग्रंथात वाचलंत?" मी चौथी शिकलेली, तिच्या पदव्या मला टोचायच्या.

आज व्यासपीठावर तिचा गौरव होत होता, आणि तो शब्द कानावर पडताच तिनं मान खाली घातली, स्वयंपाकघरात घालते तशीच. माझं हसू जागच्या जागी विझलं.

तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "सासूबाईंच्याच हातून सत्कारमूर्तींची ओटी भरूया." नारळ घेऊन मी तिच्यापुढे उभी राहिले.

"चुकलंच माझं," मी पुटपुटले. "घरी गेल्यावर बोलू."

"हसलात सगळ्यांसमोर, आई," ती हळूच म्हणाली. "मग बोलायला घर कशाला?"

आणि ती पदर पसरून, माझ्याकडे बघत, शांतपणे थांबून राहिली.